सहावी-सातवीच्या मुलांना परिसंस्था दाखवायची तर सहल कुठे न्यावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: तुम्ही जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावी-सातवीला विज्ञान शिकवता. शाळा पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या कोरडवाहू भागात आहे आणि मुलं चाळीसेक आहेत. परिसंस्था, अन्नसाखळी, अन्नजाळं हे सगळं मुलं पाठ करून बरोबर लिहितात, पण वर्गाबाहेर त्यांना त्यातलं काहीच दिसत नाही. म्हणून त्यांना कास पठारावर किंवा भीमाशंकरला न्यावं का, आणि वार्षिक सहल अलिबागला ठरलेलीच आहे तर तिथे काय दाखवता येईल, असं तुम्ही विचारलं आहे.

मॅडम, कासला नेऊ नका. निदान या मुलांची पहिली क्षेत्रभेट तिथे नको. कास विलक्षण आहे यात वाद नाही. साडेआठशेहून जास्त सपुष्प वनस्पतींची तिथे नोंद आहे आणि २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर ते जागतिक वारशाच्या यादीत गेलं. त्यानंतर गर्दी इतकी वाढली की रोज किती माणसं आत सोडायची यावर मर्यादा घालावी लागली. पण सहावीतल्या मुलाच्या हाती तिथे काय लागतं? पहाटे उठून चार-पाच तासांचा प्रवास, ठरलेल्या वाटेवरून तास-दीड तास रांगेत चालणं आणि एकामागून एक पन्नास नावं कानावरून जाणं. भीमाशंकरचंही तसंच. चाळीस मुलांचा घोळका जंगलात शिरला की शेकरू झाडाच्या शेंड्यावर जाऊन गप्प बसतं, आणि मुलांना आठवणीत राहतो तो घाटातला धुक्याचा रस्ता. यात वाईट काही नाही, पण याला परिसंस्था शिकवणं म्हणता येणार नाही.

परिसंस्थेचा धडा म्हणजे कोण कोणावर जगतं, कोण कोणाला टाळतं, एक हललं की दुसरं काय हलतं याचा धडा. हे एका भेटीत कधीच दिसत नाही. एका भेटीत फक्त वस्तू दिसतात: हे झाड, हा पक्षी, हा किडा. त्यांच्यातलं नातं दिसायला त्याच जागी पुन्हा जावं लागतं. म्हणून माझा सल्ला असा की शाळेपासून चालत दहा मिनिटांवरची एकच जागा निवडा आणि वर्षभर तिथेच जात राहा. शनिवारची सकाळ त्यासाठी सोयीची आहे. ‘आनंददायी शनिवार’ उपक्रम आता पहिली ते आठवीला आहे, आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी दप्तराविना दहा दिवस सांगितले आहेत. मुख्याध्यापकांशी बोलताना हे दोन्ही आधार हाताशी ठेवा.

तुमच्या भागात मी जागा निवडली असती तर रुईची. बांधावर, रस्त्याकडेला, शाळेच्या कुंपणाबाहेर रुईची दहा-बारा झुडपं सापडणार नाहीत असं गाव त्या पट्ट्यात क्वचितच असेल. शनिवारी मारुतीला तिचीच माळ घालतात, त्यामुळे मुलांना ती ओळखावी लागत नाही. आणि एका रुईवर जितकं चालतं तितकं मोठ्या जंगलात तासभर हिंडूनही मुलांना दिसत नाही.

पहिला प्रश्न तिथे पोचल्यावर लगेच विचारा. आजूबाजूचं गवत शेळ्यांनी मुळापर्यंत खाल्लंय, मग ही एवढी हिरवीगार रुई शिल्लक कशी? एखादं मूल पान तुटल्यावर येणारा पांढरा चीक दाखवतं. तो चीक विषारी आहे, म्हणून गुरं सहसा तिला तोंड लावत नाहीत, आणि म्हणूनच चराई जास्त झालेल्या जागी रुई वाढलेली दिसते. गुराख्याच्या घरातलं मूल हे तुमच्याआधी सांगेल, त्याला सांगू द्या.

मग दुसरा प्रश्न: हिला कोणीच खात नाही का? इथे पाच-पाच मुलांच्या गटाला एकेक झुडूप वाटून द्या आणि वीस मिनिटं कोणाशी न बोलता नुसतं बघायला सांगा. हात लावायचा नाही, पानं उलटायची तर काडीने. पहिली पाच मिनिटं चुळबुळ होते, ती होऊ द्या. त्यानंतर गोष्टी दिसायला लागतात. कोवळ्या शेंड्याला पिवळाधमक मावा, म्हणजे झाडाचा रस शोषणारे बारीक किडे, चिकटलेला असतो. शेतकऱ्यांची मुलं मावा बरोबर ओळखतात, फक्त तो रुईवरही असतो हे त्यांच्या लक्षात आलेलं नसतं. त्या माव्यात ठिपकेवाला ढालकिडा हिंडत असेल तर तो मावा खातोय. काही मावे तपकिरी, फुगलेले आणि निर्जीव दिसतील. एका बारीकशा गांधीलमाशीच्या जातीने त्यांच्या अंगात अंडं घातलेलं असतं आणि तिची अळी मावा आतून खाऊन संपवते. साध्या भिंगातून त्या तपकिरी माव्याच्या पाठीवर गोल भोक दिसलं तर समजावं, आतली गांधीलमाशी बाहेर पडून गेली. उत्पादक, भक्षक, भक्षकाचा भक्षक, परजीवी, सगळे त्या वीतभर शेंड्यावर असतात.

पानाच्या खालच्या बाजूला काळ्या, पिवळ्या, पांढऱ्या पट्ट्यांची अळी सापडली तर त्या गटाला तिथेच थांबवा. ही केशरी पंखांच्या आणि काळ्या-पांढऱ्या टोकांच्या त्या फुलपाखराची अळी, जे आपल्याकडे जवळजवळ वर्षभर दिसतं. तिला चीक कसा पचतो, हा प्रश्न मुलं स्वतःहून विचारतात. एक तर अळी पान खाण्याआधी पुष्कळदा त्याची शीर किंवा देठ कुरतडते, म्हणजे पुढच्या भागात चीक कमी येतो. अर्धवट कापून लोंबणारं पान दिसलं की हे दाखवा. आणि जे विष पोटात जातं ते ती अंगात साठवून ठेवते. तेच पुढे फुलपाखरातही उतरतं, म्हणून पक्षी त्याला टाळतात. भडक पट्टे आणि भडक पंख ही पक्ष्यांना दिलेली सूचना आहे. रुईवरचा तो निळ्या-पिवळ्या पट्ट्यांचा मोठा रंगीत नाकतोडाही याच जातकुळीतला. चीक खाऊन वाढतो, लपत नाही, डिवचला तर घाण वासाचा द्राव उडवतो.

हा धागा इथे थांबत नाही, आणि मला स्वतःला त्याचा सगळ्यात आवडता भाग पुढचा आहे. पावसाळ्यात आणि त्यानंतर तसंच केशरी दिसणारं एक दुसरं फुलपाखरू उडताना दिसतं. ती वेगळ्याच जातीची मादी आहे. तिची अळी रुई खात नाही, घोळ खाते, तीच घोळ जिची घरी भाजी करतात. तिच्या अंगात ते विष नाही, पण रूप विषारी फुलपाखराचं असल्यामुळे पक्षी तिलाही सोडून देतात. तिचा नर पाहा, काळा आणि पंखांवर मोठे पांढरे ठिपके, जोडी लागते असं वाटतसुद्धा नाही. आता मुलांना विचारा: गावातली सगळी रुई तोडली तर घोळीवर वाढणाऱ्या या फुलपाखराचं काय होईल? सातवीतली मुलं यावर अर्धा तास वाद घालू शकतात. रुई गेली, विषारी फुलपाखरं कमी झाली, मग पक्ष्यांना केशरी रंगाची भीती कोण शिकवणार? अन्नजाळ्याच्या आकृतीत नसलेलं नातं मुलांनी स्वतः शोधलेलं असतं, आणि ते परीक्षेनंतरही विसरत नाहीत.

फुलं असतील तर मोठा काळा भुंगा येतोच. रुईचे पराग सुटे नसतात, जोडपिशव्यांत बांधलेले असतात, आणि त्या भुंग्याच्या पायाला अडकून दुसऱ्या फुलावर जातात. उन्हाळ्यात फळं उकलली की म्हाताऱ्या उडतात. तेव्हा एकेका गटाने एक म्हातारी सोडून ती कुठवर जाते ते पावलांनी मोजावं.

वहीत काय लिहायचं, हे महत्त्वाचं. नावांची यादी लिहायला सांगू नका. मधोमध रुई काढायची, भोवती जे जे दिसलं त्याचं चित्र, आणि मग बाण. बाण खाल्ल्या जाणाऱ्याकडून खाणाऱ्याकडे, कारण तो अन्नाचा प्रवास आहे. बहुतेक मुलं उलटा काढतात, कारण ‘ढालकिडा माव्याला खातो’ हे वाक्य ढालकिड्यापासून सुरू होतं. पुस्तकात ही चूक वर्षानुवर्षं सुधारत नाही, समोर मावा आणि ढालकिडा असला की एका मिनिटात सुधारते. जे प्रत्यक्ष पाहिलं त्याचा बाण ठळक, जे अंदाजाने म्हटलं त्याचा तुटक. हा फरक सहावीपासून अंगवळणी पडला तर विज्ञानाचा अर्धा अभ्यासक्रम झाल्यासारखाच आहे.

तुम्ही लिहिलंय की मला स्वतःला किड्या-झाडांची नावं फारशी येत नाहीत, त्याची भीती वाटते. ही भीती बाळगू नका. मुलांना नाव ठेवू द्या: केसाळ पानाचं, लाल देठाचं, उडीबाबा. सगळ्या वर्गाने तेच नाव वापरलं की नोंद चालते. मग घरी जाऊन आजीला विचारायचं. ग्रामीण शाळेत हा मोठा फायदा आहे, शहरातल्या शाळांना तो नाही. गवतांची, रानभाज्यांची, पाखरांची नावं गावातल्या म्हाताऱ्या माणसांकडे आहेत आणि कोणी विचारत नाही म्हणून ती त्यांच्याबरोबर जात आहेत. पुढे फोटो काढून आयनॅचरलिस्टवर (निसर्गनोंदींचं संकेतस्थळ आणि अ‍ॅप) टाकलात तर शास्त्रीय नावही बऱ्याचदा मिळतं, पण ते सगळ्यात शेवटी. नाव कळलं की मुलं बघायचं थांबवतात, हे मी पुष्कळ वेळा पाहिलं आहे.

पहिल्या फेरीनंतर पंधरा दिवसांनी त्याच झुडपापाशी, त्याच गटाने जायचं. अळी होती तिथे कोष असेल किंवा काहीच नसेल. कुठे गेली? कोणी खाल्ली, की दूर जाऊन कोष केला? मावा वाढला की कमी झाला, पावसाने धुऊन गेला का? तारखेसह नोंद ठेवली तर दिवाळीपर्यंत त्या गटाकडे त्या झुडपाचा खरा इतिहास असतो. झाडांच्या बाबतीत हेच काम देशभरातल्या शाळा ‘सीझनवॉच’मध्ये करतात: एक झाड निवडायचं आणि दर आठवड्याला पालवी, फुलं, फळं यांची नोंद करायची. शाळेच्या आवारातला आंबा, चिंच, कडुनिंब त्यासाठी पुरतात.

रुईखेरीज आणखी दोन गोष्टी सुचवते. पहिली पावसाळ्यातली. शेणाचे दोन ताजे पो शेजारी शेजारी ठेवा. एक उघडा, दुसऱ्यावर जुन्या मच्छरदाणीचा तुकडा, कडांना माती दाबून. दुसऱ्या दिवशी सकाळी उघड्या पोमध्ये शेणकिड्यांनी बोगदे काढलेले असतील, खालची माती वर आलेली असेल. आठवडाभर दोन्हींची तुलना करा. जाळीखालचं शेण वाळून कडक होतं, उघडं विरून मातीत जातं. विघटक हा शब्द इतका स्पष्ट होण्याचा दुसरा मार्ग मला माहीत नाही. शेण घेताना त्या जनावराला नुकतं जंताचं औषध दिलेलं नाही ना, ते विचारून घ्या. आयव्हरमेक्टिनसारखं औषध शेणातून बाहेर पडतं आणि शेणकिड्यांना, त्यांच्या अळ्यांना मारतं. फरक पडला नाही तर हे कारण असू शकतं, आणि तो स्वतःच एक धडा आहे.

दुसरी गोष्ट सुतळीची. मीटरभर बाजूंचा चौकोन करून एकदा चराईच्या जागी आणि एकदा कुंपणाच्या आत टाका. आत किती प्रकारची रोपं आहेत ते मोजायचं, नावं नकोत. कुठेतरी चौकोन गाजरगवताने भरलेला निघेल आणि त्यात प्रकार कमी भरतील. हे गवत मूळचं अमेरिका खंडातलं. पुण्यात ते १९५० च्या दशकात नजरेस आलं आणि नंतर देशभर पसरलं. पावसाळ्यात त्याच्या पानांवर फिकट पाठीवर तपकिरी रेघा असलेला छोटा भुंगेरा दिसला तर तो मेक्सिकोहून १९८० च्या दशकात मुद्दाम आणलेला, हे गवत खाणारा. ते उपटायला मुलांना सांगू नका, अंगाला खाज आणि पुरळ येतो.

आजी-आजोबांना विचारायच्या प्रश्नांत एक प्रश्न गिधाडांचा ठेवा. मेलेलं जनावर गावाबाहेर टाकलं की गिधाडं उतरायची, हे साठीच्या पुढच्या माणसांनी पाहिलेलं आहे. मग ती गेली कुठे? डायक्लोफिनॅक हे जनावरांना द्यायचं वेदनाशामक त्यांच्या मुळावर आलं. ते औषध दिलेलं जनावर मेलं, ते गिधाडांनी खाल्लं, त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली. २००६ साली जनावरांसाठी त्यावर बंदी आली, तोवर देशातली नव्वद टक्क्यांहून जास्त गिधाडं संपली होती. अन्नसाखळीतली एक कडी तुटते म्हणजे काय, हे मुलांना त्यांच्याच गावच्या आठवणीतून कळतं.

आता काळजीच्या गोष्टी. रुईचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला गंभीर इजा होते. म्हणून पान, फूल तोडायचं नाही, आणि परत येईपर्यंत डोळे चोळायचे नाहीत हे आधीच तीनदा सांगा. साबण आणि पाण्याचा कॅन बरोबर असू द्या. चीक गेलाच तर वाहत्या पाण्याने डोळा भरपूर धुवायचा आणि थेट दवाखाना. दगड उलटायचे तर ते काम मोठ्या माणसाचं, काठीने, आणि दगड पुन्हा जसाच्या तसा ठेवायचा. तुमच्या भागात नाग, मण्यार, घोणस, फुरसं चारही असू शकतात, त्यामुळे बूट हवेत, नुसत्या चपला नकोत. ज्यांच्याकडे बूट नाहीत त्यांना मोकळ्या वाटेवरचं झुडूप द्या. झाडावर किंवा कड्यावर आग्या मोहोळ असेल तर ती जागाच बदला. दर दहा-बारा मुलांमागे एक मोठं माणूस हवं. शिक्षक कमी पडले तर पालकांना बोलवा, विशेषतः शेतकरी आणि मेंढपाळ पालकांना. त्यांना जे माहीत असतं ते मुलांसमोर बोलायची संधी त्यांना सहसा मिळत नाही. फेरी दीड तासाच्या वर नेऊ नका, म्हणजे ऊन चढायच्या आत परत येता येतं आणि मुलींना स्वच्छतागृहाची अडचण होत नाही. घरटी, अंडी, कोष शाळेत आणायचे नाहीत. खाली पडलेलं पान आणि पीस तिथेच बघून तिथेच ठेवायचं.

गुण द्यायचे असतील तर बाणांच्या आकृतीला द्या आणि मुलांनी विचारलेल्या प्रश्नांना द्या. निबंध लिहून घेऊ नका. ‘आम्ही सकाळी लवकर उठलो’ इथून तो सुरू होतो आणि ‘निसर्ग आपला मित्र आहे’ इथे संपतो, मधलं सगळं गळून जातं. वर्षाच्या शेवटी सगळ्या गटांच्या नोंदींचा एक तक्ता करा आणि त्याची प्रत ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीला द्या. २००२ च्या कायद्याप्रमाणे ही समिती असते आणि गावाची लोक जैवविविधता नोंदवही तिच्याकडे असायला हवी. मुलांच्या तारखांसह नोंदी त्या वहीत गेल्या तर त्यांना आपलं काम खरं वाटतं.

राहिली अलिबागची सहल. तिथे परिसंस्था दाखवण्याची फार चांगली संधी आहे, फक्त किनाऱ्यावर पोचण्याची वेळ समुद्राने ठरवलेली असते. कुलाबा किल्ल्याकडे जाताना ओहोटीला खडक उघडे पडतात. त्या खडकांवर वरपासून खालपर्यंत पट्टे असतात. भरतीचं पाणी जिथे थोडाच वेळ पोचतं तिथे बारीक गोगलगायी, त्याखाली खडकाला घट्ट चिकटलेली कालवं आणि पांढरे खरखरीत बार्नेकल, आणि अगदी खाली, जिथे पाणी जेमतेम ओसरतं, तिथे शेवाळं, खेकडे, डबक्यांतली समुद्रफुलं, म्हणजे फुलासारखे दिसणारे प्राणी. सुतळी वरून खाली ताणा आणि दर दोन पावलांवर काय आहे ते लिहायला सांगा. ऊन आणि पाणी किती वेळ मिळतं यावर कोण कुठे राहणार हे ठरतं, हे त्या दहा-वीस पावलांत दिसतं. ज्यांनी वर्षभर रुईपाशी बसून बघितलंय ती मुलं हे पट्टे तुम्ही न दाखवता ओळखतील.

वेळ काढायची कोकणातली जुनी रीत सोपी आहे. पंचांगातल्या तिथीची पाऊणपट केली की भरतीची अंदाजे वेळ येते, आणि त्याच्या सहा-सव्वासहा तास आधी किंवा नंतर ओहोटी. द्वितीयेला भरती दीडच्या सुमाराला, म्हणजे ओहोटी सकाळी सव्वासात-साडेसातला. तृतीयेला आठच्या पुढेमागे. अमावास्या-पौर्णिमेनंतरच्या या दोन-तीन दिवसांत पाणी सगळ्यात खाली जातं आणि वेळही सकाळची मिळते. अष्टमीला ओहोटी भर दुपारी येते आणि पाणी फारसं हटतही नाही. नेमकी वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यात पुन्हा बघून घ्या. ओहोटीच्या तासभर आधी खडकांवर उतरायचं आणि पाणी फिरलं की सगळ्यांनी वर यायचं, एकही मूल मागे नको. पोहणं, पाण्यात खेळणं या फेरीत अजिबात नाही. २०१६ साली मुरूडच्या किनाऱ्यावर सहलीला आलेले विद्यार्थी बुडाले ते आपण सगळ्यांनी वाचलं आहे.

तेव्हा सहलीची तारीख अजून पक्की झाली नसेल तर एसटीचं आरक्षण करण्याआधी पंचांग उघडा. सकाळी सातला किनाऱ्यावर असायचं म्हणजे आदल्या रात्रीचा मुक्काम अलिबागमध्येच लागेल, तेवढा बदल मुख्याध्यापकांकडून आत्ताच मंजूर करून घ्या.